यान्सन, टूवे
यान्सन, टूवे : (९ ऑगस्ट १९१४–२७ जून २००१). स्वीडिश भाषेत लिहिणारी फिनलंडची बालसाहित्यकार व चित्रकार. जन्म हेल्सिंकी येथे. वडील व्हिक्टर शिल्पकार, तर आई सिग्ने हामरस्टेन मासिकांसाठी चित्रे काढणारी. घर म्हणजे कार्यशाळाच. स्टॉकहोम, हेल्सिंकी व पॅरिस येथे तिने कलाशिक्षण घेतले. ‘गार्म’ या नियतकालिकातून हिटलर व स्टालिन यांच्यावर व्यंगचित्रे काढण्याचे धाडस तिने दाखवले.

युद्धाच्या उदासीत तिला मूमिन हे गुबगुबीत, दयाळू कुटुंब सुचले. पहिले पुस्तक १९४५ मध्ये निघाले. १९५४ पासून लंडनच्या ‘ईव्हनिंग न्यूज’मधील चित्रमालिकेने कीर्ती मिळाली; पण रोजच्या रेट्याने ती थकली आणि भाऊ लार्सने ते काम पुढे चालवले. १९६६ मध्ये तिला हान्स ख्रिश्चन अँडरसन पदक मिळाले. मूमिनमालेतील अखेरची कादंबरी १९७० ची. त्याच वर्षी आई वारली. या कादंबरीत मूमिन कुटुंब घरी नसतेच, इतर पात्रे त्यांची वाट पाहतात. मुलांच्या पुस्तकात विरहाला इतकी जागा देणारे लेखक फार थोडे.

आयुष्याची जोडीदार, चित्रकार टूलिक्की पिएटिला हिच्यासह तिने क्लोव्हहारू या खडकाळ बेटावर, विजेविना, अनेक उन्हाळे काढले. १९७१-७२ मध्ये दोघींनी जपान, हवाई, मेक्सिको, अमेरिका असा दीर्घ प्रवास केला; टोकिओत घेतलेल्या लहान कॅमेऱ्याने टूलिक्कीने त्याचे चित्रण केले.