तार तोडली तरी ओरडणारा भोंगा

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजचा विषयच कान किटवणारा आहे. आज बोलायचंय भोंग्याबद्दल. नेत्यांच्या नाही हं, गाडीच्या. रात्री दोन वाजता गल्लीत कुणाची तरी गाडी कोकलायला लागते आणि अख्खी आळी जागी होते, तो भोंगा. मात्र मला त्याच्या आवाजापेक्षा त्याच्या पोटात लपलेली एक छोटीशी बॅटरी जास्त महत्त्वाची वाटते.

गाडीला बॉनेटखाली चांगली बारा व्होल्टची बॅटरी असते. मग भोंग्याला स्वतःची वेगळी बॅटरी कशाला? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधत मी बराच मागे गेलो. पार पन्हाळ्यापर्यंत.

इशारा पोहोचला पाहिजे

कोल्हापूरच्या पोराला पावनखिंड सांगावी लागत नाही. जुलै १६६०. सिद्दी जौहरचा वेढा, पन्हाळ्यावरून निसटलेले शिवाजी महाराज आणि खिंडीत उभे राहिलेले बाजीप्रभू. महाराज विशाळगडावर पोहोचले की तोफा डागायच्या, हे ठरलेलं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तोफा वाजेपर्यंत बाजी हलायला तयार नव्हते.

आता याच गोष्टीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघा. खिंडीतल्या माणसांचं सगळं गणित एका आवाजावर टेकलेलं होतं. तोफ, दारू आणि बत्ती देणारा माणूस, तिन्ही गोष्टी त्या क्षणी शाबूत असायला हव्यात. एक जरी नसेल, तर इशारा नाही. आणि इशारा नाही म्हणजे काय, हे खिंडीत उभ्या असलेल्याला कळणार कसं? महाराज पोहोचले नाहीत, की तोफच उडाली नाही? शांतता दोन्ही वेळेला सारखीच असते.

हे वाक्य लक्षात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

गावातली राखणही अशीच माणसाच्या गळ्यावर चालायची. रामोशी रात्री गस्त घालायचा, आरोळी द्यायचा. पुढे शहरात गुरखा आला, काठी आपटत, शिट्टी वाजवत. चोर पूर्वीपासून एकच गोष्ट जाणतात : घर फोडायच्या आधी राखणदाराचं तोंड बंद करायचं. म्हणून तर कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकतात.

गिरणीचा भोंगा आणि पाण्यातली शिट्टी

मग यंत्राचा भोंगा आला. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली कोल्हापुरात कापडाची गिरणी काढली, आपली शाहू मिल. तिचा भोंगा म्हणजे गावाचं घड्याळ होतं. घरात घड्याळ असो नसो, भोंगा झाला की डबा बांधायचा, पोरांना उठवायचं. आजही जुन्या पेठांमधली म्हातारी माणसं 'भोंगा झाल्यावर' अशी वेळ सांगतात. मुंबईत गिरणगावाची तर आख्खी दिनचर्या भोंग्यावर चालायची.

जुन्या गिरण्यांचे हे भोंगे वाफेवर वाजायचे. बॉयलर पेटलेला असेल तोवर आवाज. म्हणजे भोंग्याचं पोट दुसऱ्याच्या हातात. गिरणी थंड पडली की भोंगाही मुका.

'सायरन' हा शब्द मात्र गिरणीतून आलेला नाही. १८१९ साली कान्यार द ला तूर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं भोकं पाडलेली एक तबकडी केली. हवेचा झोत सोडला की तबकडी फिरायची, झोत क्षणाक्षणाला तुटायचा आणि त्यातून सूर निघायचा. जितकी जोरात फिरेल, तितका सूर वर. हे यंत्र पाण्याखालीसुद्धा वाजायचं. म्हणून त्यानं ग्रीक पुराणातल्या, खलाशांना गाण्यानं भुलवणाऱ्या जलसुंदरींचं नाव त्याला दिलं : सायरन. गंमत बघा, त्या सुंदरी लोकांना संकटाकडे ओढायच्या आणि आपला सायरन संकटापासून लांब पळा म्हणून सांगतो!

विसाव्या शतकात या तबकडीला विजेची मोटर लागली आणि हवाई हल्ल्याचा भोंगा तयार झाला. १९६५ आणि १९७१ ची युद्धं पाहिलेल्या आजी-आजोबांना विचारा. मुंबईत ब्लॅकआउट असायचा, खिडक्यांना काळे कागद लावलेले, गाड्यांचे हेडलाइट अर्धे काळे रंगवलेले. वर-खाली होणारा भोंगा म्हणजे धोका, एकसुरी लांब भोंगा म्हणजे धोका टळला. पण बॉम्ब पडला आणि वीजच गेली तर? म्हणून हातानं फिरवायचे सायरनही ठेवलेले असायचे. हँडल मारायचं, तबकडी फिरते, आवाज निघतो. माणसाचा दंड, हीच त्याची बॅकअप बॅटरी.

७ मे २०२५ ला देशभर मॉक ड्रिल झालं, तेव्हा तुमच्या-माझ्या पिढीनं असा सायरन पहिल्यांदा गंभीरपणे ऐकला. अनेकांनी त्याचं रील केलं. चालायचंच.

गाडी, चोर आणि एक पक्कड

आता गाडीकडे येऊ. दसऱ्याला दसरा चौकात गेला असाल, तर छत्रपती घराण्याची ती जुनी, ऐटबाज मेबॅक बघितली असेलच. राजाराम महाराजांच्या काळातली. त्या गाडीला अलार्मची काय गरज होती? ड्रायव्हर, पहारेकरी, राजवाड्याची भिंत आणि शिवाय अख्ख्या गावाला माहीत असलेली गाडी. चोरून नेणार कुठे?

गाड्या सामान्य घरांपर्यंत पोहोचल्या, रात्री रस्त्यावर उभ्या राहू लागल्या, तेव्हा प्रश्न सुरू झाला. अलार्मवाल्यांनी पहिल्यांदा सरळ मार्ग काढला : दार उघडलं की गाडीचाच हॉर्न वाजवायचा, गाडीच्याच बॅटरीवर. चोरांनी त्यावर तितकाच सरळ तोडगा काढला. बॉनेट उघडायचं, पक्कड घ्यायची, बॅटरीची तार कट्. अलार्म, हॉर्न, लाइट, सगळं एका क्षणात थंड. कुत्र्याला टाकलेला भाकरीचा तुकडाच तो!

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये गाड्यांच्या चोऱ्या कळसाला पोहोचल्या होत्या. विमा कंपन्या टेकीला आल्या. त्यांच्याच थॅचम नावाच्या संशोधन केंद्रानं अलार्मच्या श्रेणी ठरवल्या आणि वरच्या श्रेणीसाठी एक अट घातली : सायरनला स्वतःची बॅटरी पाहिजे. म्हणजे खेळ उलटला. आता सायरन सतत गाडीच्या मोठ्या बॅटरीची नाडी बघत बसतो. अलार्म लावलेला असताना ती नाडी अचानक थांबली, तर 'कुणीतरी तार कापली' असं समजून स्वतःच्या पोटातल्या बॅटरीवर बोंब ठोकतो. शंभर डेसिबलच्या वर! तार कापणं हाच चोरीचा पुरावा झाला.

मला ही कल्पना फार आवडते. गप्प करण्याचा प्रयत्न हेच ओरडण्याचं कारण.

पुढे चोरी खरी कमी केली ती आवाजानं नाही, इमोबिलायझरनं. किल्लीत छोटी चिप. ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. युरोपियन युनियननं १९९८ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं केलं. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात त्यामुळे गाडीचोऱ्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. ते यंत्र एक शब्द न बोलता काम करतं.

आपल्याकडे १९९१ नंतर गाड्यांचे पर्याय वाढले, तशी अ‍ॅक्सेसरीजची दुकानंही वाढली. सीटकव्हर, टेप आणि 'रिमोटवालं लॉक'. गाडीच्या सुरक्षेच्या या धंद्यात आपल्या नाशिकच्या ऑटोकॉपनं देशभर नाव कमावलं. मग रिमोट दाबला की 'टुक् टुक्' हा आवाजच स्टेटस झाला. पण सहा वेगवेगळ्या सुरांत आळवणारा तो भोंगा लवकरच बदनामही झाला. गणपतीत महाद्वार रोडच्या आसपासच्या गल्ल्यांत उभ्या असलेल्या गाड्या आठवा. ढोल-ताशा आणि साउंड सिस्टिम जवळ आली की हादऱ्यानं एकेक गाडी कोकलत सुटते. मालकसुद्धा बघत नाही. लांडगा आला रे आला!

उद्यमनगरातलं ऑपरेशन

आता पोटातल्या बॅटरीची गोष्ट. माझ्याकडे बारा-तेरा वर्षं जुनी, सेकंडहँड घेतलेली गाडी आहे, एमएच ०९ पासिंगचीच. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दुखणं एका कंपनीचं नाहीच. तर ही गाडी विनाकारण रात्री ओरडायला लागली. कुणी हात लावलेला नाही, मांजर नाही, पाऊस नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळालं, सायरन पूर्ण नवा घालावा लागेल. किंमत ऐकून मी उद्यमनगर गाठलं.

आपलं शिवाजी उद्यमनगर म्हणजे तुम्हाला माहितीच आहे. ऑइल इंजिनापासून कास्टिंगपर्यंत काय वाट्टेल ते दुरुस्त करणारी, नसेल तर बनवणारी वस्ती. तिथल्या ऑटो इलेक्ट्रिशियन मामांनी सायरन काढला, कानाशी नेऊन हलवला आणि निदान केलं, "भावा, ह्यो आतनं कुजलाय बघ."

सायरनचा डबा चिकटवून बंद केलेला असतो, म्हणजे तो उघडायचा असतो हे बनवणाऱ्यानं धरलेलंच नाही. मामांनी हॅक्सॉ ब्लेडनं कडेकडेनं चर पाडला. आत बटणासारखे जाडसर सहा सेल, एकावर एक. निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे सहांचे मिळून ७.२. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी आल्यासारखा थर. तो सेलमधून झिरपलेला अल्कलीचा क्षार. तो सर्किटवर उतरतो आणि तांब्याच्या रेषा खातो.

असं का होतं? हे सेल वर्षानुवर्षं हळूहळू चार्ज होत राहतात, पण वापरले जवळजवळ कधीच जात नाहीत. त्यात इंजिनच्या आसपासची उष्णता. आठ-दहा वर्षांत ते सुकतात, फुटतात. मग सायरनच्या मेंदूला चुकीचे व्होल्टेज दिसायला लागतात आणि तो उगाच बोंबलतो. काही गाड्यांत उलट होतं, तो कायमचा मुका होतो आणि मालकाला पत्ताही नसतो. राखणदार म्हातारा झाला की एक तर स्वतःच्या सावलीला भितो, नाही तर ड्युटीवर झोपतो.

मामांनी जुने सेल काढले, क्षारावर आधी थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून ब्रशनं घासलं. एक रेष तुटली होती, तिला बारीक तारेचा टाका दिला. नवे सेल त्याच जातीचे, त्याच व्होल्टचे, पत्ती जोडलेले घेतले, कारण सेलवर थेट सोल्डरिंगचा चटका दिला तर तो तिथंच खराब होतो. लिथियमचे घालू नका, चार्जिंगचं सर्किट त्यांच्यासाठी बनवलेलं नसतं. शेवटी डब्याच्या कडेला सिलिकॉन सीलंट. दुसऱ्या दिवशी सायरन बसवला, अलार्म लावला आणि बॅटरीची तार सोडवली. काय ओरडला म्हणताय! शेजारचा वेल्डर काम टाकून बघायला आला.

शांतता दोन प्रकारची

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बॅटरीचा एवढा इतिहास कशाला?

२०१९ चा ऑगस्ट आठवा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. वीज गेली, फोनची चार्जिंग संपली, कुठे कुठे नेटवर्क गेलं. ज्या क्षणी निरोपाची सगळ्यात जास्त गरज होती, त्याच क्षणी निरोप नेणारी यंत्रं बंद पडली, कारण त्यांचं आणि आपल्या घराचं पोट एकाच तारेवर होतं. तीच चोराची पक्कड, फक्त या वेळी ती पाण्याच्या हातात होती.

आणि त्याच पुरात राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आठवा. पाणी ठरावीक पातळीला आलं की पाण्याच्याच जोरावर उघडतात. वीज लागत नाही, बटण लागत नाही, साहेबाचा फोन लागत नाही. आजही पावसाळ्यात 'राधानगरीचा किती नंबरचा दरवाजा उघडला?' ही कोल्हापुरातली सगळ्यात पक्की बातमी असते. संकटच ज्याची ताकद आहे, तो पहारेकरी सगळ्यात भरवशाचा.

बाकी सगळ्या पहारेकऱ्यांना मात्र कुणीतरी मधूनमधून विचारावं लागतं, "जागा आहेस ना?" लिफ्टमधली घंटी, हॉस्पिटलचा यूपीएस, सोसायटीचा फायर अलार्म, नदीकाठचा भोंगा, या सगळ्यांच्या पोटात कुठेतरी एक बॅटरी गुपचूप म्हातारी होत असते. आणि मघाचं वाक्य आठवा : संकट नसल्याची शांतता आणि भोंगा मेल्याची शांतता, कानाला दोन्ही सारख्याच. फरक कळतो तो फक्त वाजवून बघितल्यावर.

म्हणून या रविवारी एवढंच करा. तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टची घंटी मेन स्विच बंद करून वाजते का, ते वॉचमनकाकांना सोबत घेऊन बघा. लिफ्ट तळमजल्यावर, दार उघडं आणि आत कुणी नाही याची खात्री करून, बरं का. वाजली तर उत्तम. नाही वाजली तर सोसायटीच्या मीटिंगला बोलायला विषय मिळाला.

चला, भेटू पुढच्या भागात. तोवर जागे राहा!