अंगावरून गेलेलं वारं

‘त्याच्या अंगावरून वारं गेलं’ एवढं रत्नागिरीत कुणी सांगितलं की ऐकणारा जास्त विचारत नाही. एका बाजूचा हात-पाय गेला, हे त्याला कळलेलं असतं. मात्र वाक्यातला ‘वरून’ लक्षात घेण्याजोगा आहे. वारं अंगात शिरलेलं नाही, अंगातून निघालेलंही नाही. याच मुलखात देवाचं वारं मात्र ‘अंगात’ येतं आणि माणूस थरथरू लागतो, घुमू लागतो. वारं आलं तरी अंग आपल्या ताब्यात नाही, वरून गेलं तरी नाही!

‘वारा’ हा संस्कृत ‘वातर’ (वादळी) या शब्दापासून आलेला दिसतो. मुळाशी ‘वा’, म्हणजे वाहणे, हा धातू. वात आणि वायू त्याच घरातले. आयुर्वेदाने शरीरातली सगळी हालचाल वाताकडे सोपवली. शार्ङ्गधराने तर पित्त आणि कफ दोघांनाही पंगू ठरवलं: वारा नेईल तिकडे ढगांसारखे जाणारे. मग हालचाल थांबली की आळ वाऱ्यावरच यायचा, म्हणून अर्धांगवायू, म्हणून कंपवात. ग्रीक वैद्य गॅलेन यालाही मज्जातंतूंतून ‘न्यूमा’ वाहतो असं वाटे, आणि न्यूमा म्हणजे श्वास, वाराच. अरबीतही ‘रूह’ (प्राण) आणि ‘रीह’ (वारा) एकाच धातूचे. तंतूंतून वारा नव्हे, वीज जाते, ही शंका 1791 साली गॅल्व्हानीच्या बेडकांनी जगापुढे आणली. तोवर शब्द रुळून गेले होते.

  

‘पक्षाघात’ सरळ दिसतो, पण त्यातही गंमत आहे. पक्ष म्हणजे पंख, पक्ष म्हणजे बाजू; आघात म्हणजे फटका. इंग्रजी ‘स्ट्रोक’ हाही फटकाच, आणि ग्रीकांच्या ‘अपोप्लेक्सी’तही माणूस तडाख्याने कोसळतो. चरक मात्र ‘पक्षवध’ म्हणतो. बाजूचा थेट खूनच. बाजू एकच का जाते, याचं उत्तर मेंदूच्या देठाशी आहे. हालचालीचे हुकूम नेणारे बहुतेक तंतू तिथे, मज्जारज्जूत उतरण्याआधी, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. गुठळी डावीकडे, हात उजवा.

बोलीने आणखी एक भेद अचूक टिपलेला आहे: लुळं पडणं वेगळं, आखडणं वेगळं. ‘लुळा’च्या मागे संस्कृत ‘लुल्’, लोंबणे-डोलणे, हा धातू असावा. पोलिओत मज्जारज्जूतल्या पेशीच मरतात, म्हणजे हुकमाचा शेवटचा दुवा तुटतो; पाय लुळा तो लुळाच, आणि वाळतही जातो. मेंदूतली वरची वाट तुटली तर हातपाय आधी लुळे पडतात, पण काही दिवसांनी वा आठवड्यांनी बऱ्याचदा कोपर दुमडतं, मूठ वळते. खालची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते, तिच्यावरचा मेंदूचा लगाम सुटलेला असतो. घरचे म्हणतात, ‘हात आखडला.’ निदान यापेक्षा फार वेगळं नसतं.

खरा गुंता ‘स्नायू’चा. सुश्रुत 900 स्नायू मोजतो, पण त्याचे स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या चिवट दोऱ्या. ग्रीक ‘न्यूरॉन’ हा त्याचाच दूरचा आप्त. त्याचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. पुढे ग्रीकांनी तो मज्जातंतूला दिला. बंगाली आणि हिंदी ‘स्नायु’ त्याच वाटेने गेले. मराठी स्नायू मात्र मांसाकडे वळला. त्यात ‘पेशी’ने भर घातली: हिंदीत मांसपेशी म्हणजे आपला स्नायू, आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका. आपल्या पाठ्यपुस्तकातली ‘प्रेरक चेतापेशी’ हिंदी भाषिकाने वाचली तर त्याला ती मांसातच सापडेल.

‘मज्जा’ मूळची हाडातली. तिचं फारसी भावंड ‘मग्ज’, आपला मगज, कवटीत चढून बसलं. कलिंगडाच्या बियांतही शिरलं. उर्दूत मज्जारज्जूला ‘हराम मग्ज’ म्हणतात, कारण तो खाणं वर्ज्य. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते. पण मज्जा घरची आणि मगज परका, असा निवाडा इथे करायचा तरी कसा?

आणि लकवा. अरबी ‘लक्वा’ म्हणजे केवळ तोंड वाकडं होणं. अर्ध्या अंगाला तिथे ‘फालिज’ म्हणतात, त्याचा धातू ‘दुभागणे’. अरबी वैद्यांनी हे दोन आजार वेगळे ठेवले ते योग्यच. चेहऱ्याची नस बिघडली तर त्या बाजूच्या कपाळाला आठ्याही घालता येत नाहीत. मेंदूतल्या आघातात कपाळ बहुधा वाचतं, कारण त्याला दोन्हीकडून हुकूम मिळतात. मराठीने फालिज घेतलाच नाही आणि सगळा भार लकव्यावर टाकला. आता तर वृत्तपत्रांत ‘धोरणलकवा’ही आहे. तोंडाचा आजार सहीच्या हातापर्यंत पोचला.