मुका रातकिडा आणि नावात नसलेला माणूस

रातकिडा म्हटलं की किर्रर्र आवाज आठवतो. अमेरिकेत केंटकी राज्यात ‘मॅमथ केव्ह’ नावाची प्रचंड मोठी गुहा आहे, तिथला रातकिडा मात्र मुका आहे. रातकिडे पंख घासून आवाज करतात आणि याला पंखच नाहीत. दिवसा तो गुहेच्या छताला लटकून असतो. मधूनच एखाद्या रात्री बाहेर जाऊन पोट भरून येतो. त्याची विष्ठा आणि अंडी यांवर आतले कितीतरी जीव जगतात, कारण अंधारात काही उगवत नाही.

१८६१ साली सॅम्युएल स्कडर या तरुण कीटकतज्ज्ञाने बॉस्टनमध्ये या किड्याचं वर्णन छापलं आणि विज्ञानाच्या वहीत एक ‘नवी’ प्रजाती जमा झाली. आजही तिच्या शास्त्रीय नावामागे कंसात लिहितात: (स्कडर, १८६१).

पण नवी कुणासाठी? त्याआधी वीसेक वर्षं स्टीफन बिशप त्याच गुहेत पर्यटकांना फिरवत होता. तो गुलाम होता. १८३८ साली मालकाने त्याला गाइडच्या कामाला लावलं, तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होता. ‘बॉटमलेस पिट’ नावाच्या खोल खड्ड्यापुढे तोवर कुणी गेलं नव्हतं. त्याच वर्षी स्टीफनने तो ओलांडला. पलीकडे नव्या वाटा, नद्या आणि आंधळे मासे सापडले. पुढच्या वर्षी डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली आणि तिच्यासोबत स्टीफनलाही. १८४२ मध्ये त्याने आठवणीतून गुहेचा नकाशा काढला. दोन वर्षांनी तो छापला गेला, आणि त्याच्या नावानिशी. गुलामाच्या बाबतीत हे फारच दुर्मीळ होतं.

नव्या प्रजातीच्या नावामागे मात्र नाव लागतं ते वर्णन छापणाऱ्याचं. गिट वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: बग कुणीही पकडलेला असो, कमिटवर नाव कोड लिहिणाऱ्याचं. नियम चुकीचा नाही. पाय मोजणं, आधीच्या प्रजातींशी ताडून पाहणं, फरक शब्दांत मांडणं हे कष्टाचं काम आहे आणि त्याची जबाबदारी कुणीतरी घ्यावीच लागते.

तरी नावात दुसऱ्या माणसाला जागा देता येते. या रातकिड्याची अंडी वाळूतून उकरून खाणारा एक आंधळा भुंगेरा इथे आहे. त्याला १८४४ साली टेलकॅम्फ या डॉक्टरांचं नाव मिळालं. ते १८४२ मध्ये गुहा पाहायला आले होते. म्हणजे स्टीफन तिथे राबत असताना मान पाहुण्याला मिळाला.

क्रोगन यांच्या मृत्युपत्रानुसार स्टीफन १८५६ मध्ये मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी वारला. स्कडरचा लेख त्यानंतर चार वर्षांनी आला. स्टीफनच्या कबरीवर दगड बसला तो १८८१ मध्ये. त्यावर मृत्यूचं साल कोरलंय १८५९, म्हणजे तेही चुकीचं.

‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी आपण दर महिन्याला स्क्रोल करत पुढे जातो. पुढच्या वेळी मूळ शोधनिबंध उघडा आणि शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा. तिथपर्यंतची वाट कुणी दाखवली, हे लिहिलं असेल तर बहुधा तिथेच असेल.