विश्लेषण : जाहीर झालेला मराठी चित्रपट आपल्या थिएटरात लागतो कसा? तारीख, सेन्सॉर आणि शोचे गणित

पोस्टर येते, त्याखाली तारीख असते. चाहता ती लक्षात ठेवतो, मित्रांच्या ग्रुपवर टाकतो, ‘पहिल्या दिवशी पहिला शो’ असे ठरवूनही टाकतो. मग कधी तेच पोस्टर नव्या तारखेसह पुन्हा येते. कधी तारीख तीच राहते, पण बुकिंगच्या ॲपवर शहरातल्या एकाच थिएटरात, सकाळी साडेनऊचा एकच शो दिसतो. मराठी चित्रपटाची वाट पाहणाऱ्यांना दोन्ही अनुभव नवे नाहीत. पोस्टरवरच्या तारखेला नेमका किती अर्थ असतो, ती का हलते आणि चित्रपट आला तरी तो जवळच्या थिएटरात का दिसत नाही, ते समजून घेऊ.

पोस्टरवरची तारीख कितपत पक्की असते?

अनेकदा तारीख जाहीर होते तेव्हा चित्रपट पूर्ण झालेला नसतो. त्या घोषणेचा पहिला उद्देश प्रेक्षकाला निमंत्रण देणे हा नसून इतर निर्मात्यांना ‘ही जागा आमची’ असे सांगणे हा असतो. रितेश देशमुख दिग्दर्शित ‘राजा शिवाजी’साठी १ मे २०२६ ही तारीख बरीच आधी जाहीर झाली. महाराष्ट्र दिन, शुक्रवार आणि शाळांच्या सुट्टीचा काळ, हे तिन्ही एकत्र येणारे दिवस थोडेच असतात. ‘सैराट’ही २९ एप्रिल २०१६ ला, म्हणजे परीक्षा संपल्यावर आला होता. दिवाळी, नाताळचा आठवडा आणि एप्रिल-मे यांवर सगळ्यांचाच डोळा असतो, हिंदीवाल्यांचा तर आधी.

जागा अडवली म्हणजे ती टिकतेच असे नाही. हेमंत ढोमे यांचा ‘झिम्मा’ २३ एप्रिल २०२१ ला येणार होता. करोनाच्या दुसऱ्या लाटेत थिएटरे बंद झाली आणि तो आला १९ नोव्हेंबरला. तेव्हा महाराष्ट्रातली थिएटरे निम्म्या आसनक्षमतेने नुकतीच उघडली होती. ‘पावनखिंड’चे आधीचे नाव ‘जंगजौहर’. नाव बदलले, तारीखही एकाहून अधिक वेळा बदलली आणि शेवटी तो १८ फेब्रुवारी २०२२ ला लागला. हे दोन्ही चित्रपट चांगले चालले. त्यामुळे तारीख पुढे गेली की चित्रपटात काहीतरी बिनसले असणार, हा समाजमाध्यमांवरचा आवडता निष्कर्ष फार विश्वासाचा नाही. साथ ही टोकाची गोष्ट झाली. एरवी व्हीएफएक्सचे रखडलेले काम, वितरकाशी न जमलेला करार, समोर उभा राहिलेला मोठा हिंदी चित्रपट किंवा आयपीएलचे सामने एवढी कारणेही पुरतात.

सेन्सॉर प्रमाणपत्र नसताना ट्रेलर कसा येतो?

यूट्यूबवरच्या ट्रेलरला सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागत नाही. तोच ट्रेलर थिएटरच्या पडद्यावर दाखवायचा तर मात्र वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. म्हणून मोबाइलवर ट्रेलर पाहिला यावरून चित्रपट मंडळाकडून मंजूर झाला आहे असे समजू नये.

१९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाच्या प्रमाणपत्राशिवाय चित्रपट सार्वजनिक ठिकाणी दाखवता येत नाही. मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. तपासणी समिती आधी चित्रपट पाहते आणि प्रमाणपत्राचा प्रकार व बदल सुचवते. तो निर्णय निर्मात्याला मान्य नसेल तर प्रकरण पुनरीक्षण समितीकडे जाते. त्याच्या वर पूर्वी अपील न्यायाधिकरण होते. ते २०२१ मध्ये रद्द झाले, तेव्हापासून थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. छोट्या निर्मात्याला हे परवडत नाही. वकिलाची फी एकवेळ जमेल, पण शुक्रवार हातचा जातो. त्यामुळे न पटलेली काटछाटही पुष्कळदा मुकाट मान्य केली जाते.

प्रमाणपत्रांच्या प्रकारांतही अलीकडे बदल झाला आहे. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे फक्त प्रौढांसाठी, हे जुनेच. मधल्या ‘यूए’चे २०२३ च्या दुरुस्तीने तीन भाग केले : ७+, १३+ आणि १६+. हे आकडे पालकांना सल्ला म्हणून आहेत. ‘यूए १३+’ असलेल्या चित्रपटाला दहा वर्षांच्या मुलाला घेऊन जायचे की नाही, हे आई-वडिलांनी ठरवायचे. ‘ए’च्या बाबतीत मात्र अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही.

या टप्प्यावर तारीख कशी हलते, याचे ठळक उदाहरण ‘फुले’ या हिंदी चित्रपटाचे. अनंत महादेवन दिग्दर्शित हा चित्रपट महात्मा जोतीराव फुले यांच्या जयंतीला, ११ एप्रिल २०२५ ला येणार होता. काही संघटनांनी आक्षेप घेतले, मंडळाने सुचवलेल्या बदलांवरून वाद झाला आणि चित्रपट २५ एप्रिलला लागला. दोन आठवडे म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण ज्या दिवसासाठी तारीख निवडली होती, तो दिवस निघून गेला.

एकाच शुक्रवारी दोन-तीन मराठी चित्रपट का येतात?

कारण सोयीचे शुक्रवार कमी आहेत आणि ‘तुम्ही या आठवड्यात, आम्ही पुढच्या’ असे वाटप करणारी, सगळ्यांना बांधून ठेवणारी यंत्रणा मराठीत नाही. १२ सप्टेंबर २०२५ ला ‘दशावतार’, ‘आरपार’ आणि ‘बिन लग्नाची गोष्ट’ हे तिन्ही चित्रपट एकाच दिवशी आले. त्याच शुक्रवारी ‘डीमन स्लेअर’ मालिकेतला जपानी ॲनिमेशनपटही लागला आणि तरुण प्रेक्षकांची त्याला गर्दी झाली. पुढच्या शुक्रवारी हिंदीतला ‘जॉली एलएलबी ३’ आला. रोहन कानवडे यांचा, सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळवलेला ‘साबर बोंडं’ही त्याच दिवशी. म्हणजे आठ दिवसांत मराठी रसिकासमोर किमान चार मराठी तिकिटे. महिन्याला एखादाच चित्रपट थिएटरात पाहणाऱ्या घराने त्यातले कोणते काढायचे?

याचा फटका कसा बसतो ते एप्रिल २०२३ मध्ये दिसले. २८ तारखेला केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’, ‘ख्वाडा’कार भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ आणि मणिरत्नम यांचा ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग एकत्र आले. पुरेसे शो मिळत नाहीत म्हणून ‘टीडीएम’च्या निर्मात्यांनी प्रदर्शन थांबवले आणि चित्रपट ९ जूनला पुन्हा आणला. पहिल्या तारखेसाठी केलेली जाहिरात अशा वेळी वाया जाते आणि दुसऱ्यांदा तेवढा पैसा नसतो.

शो नेमके कोण ठरवते?

निर्माता चित्रपट वितरकाकडे देतो आणि वितरक थिएटरांशी बोलतो. या धंद्याचा नकाशा अजून जुन्या राजवटींच्या हद्दीवर चालतो, ही त्यातली गमतीची बाब. मुंबई, कोकण, पुणे आणि गोवा ‘बॉम्बे’ टेरिटरीत येतात, मराठवाडा ‘निझाम’मध्ये, तर विदर्भ ‘सीपी-बेरार’मध्ये. निझामाचे राज्य जाऊन पाऊण शतक झाले, पण लातूरच्या थिएटरात चित्रपट कधी लागणार याचा व्यवहार आजही त्याच नावाखाली होतो. एका टेरिटरीत करार पक्का झाला आणि दुसरीत रखडला, तर पुण्यात लागलेला चित्रपट नांदेडकरांना दिसत नाही.

पूर्वी प्रिंटची अडचण असे. रिळांची एकेक प्रिंट महाग, म्हणून छोटा चित्रपट मोजक्याच प्रिंट काढून गावोगाव फिरायचा. आता चित्रपट डिजिटल फाइलच्या रूपात येतो आणि ठराविक पडद्यावर, ठराविक काळापुरती चालणारी डिजिटल किल्ली थिएटरला मिळते. प्रिंटचा खर्च गेला, तशी मराठी चित्रपटांची पोच वाढेल अशी आशा होती. काही प्रमाणात ती वाढलीही. पण त्याचबरोबर चित्रपट काढून टाकणेही सोपे झाले. सोमवारी दुपारचा शो रिकामा गेला, तर मंगळवारी त्या जागी दुसरा चित्रपट लावायला काहीच लागत नाही. मल्टिप्लेक्स साखळ्यांचे शोचे वेळापत्रक मागच्या आठवड्याच्या विक्रीचे आकडे पाहून साधारण बुधवार-गुरुवारपर्यंत ठरते. म्हणून चार महिने आधी जाहीर झालेल्या चित्रपटाचे शो आदल्या संध्याकाळपर्यंत ॲपवर न दिसणे यात आश्चर्य नाही.

पण मराठी चित्रपटांसाठी प्राइम टाइमचा नियम आहे ना?

आहे, पण लोकांना वाटतो तसा नाही. २०१३ मध्ये ‘दुनियादारी’ तिसऱ्या आठवड्यातही जोरात चालू असताना ‘चेन्नई एक्सप्रेस’ येऊ घातला. ‘दुनियादारी’चे शो काढले जाणार या शक्यतेवर मनसेने आंदोलनाचा इशारा दिला, तोडगा निघाला आणि ‘दुनियादारी’ थिएटरात राहिला. तो वाद एका चित्रपटापुरता होता. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली. त्यावर मोठा गदारोळ झाला. थोड्याच दिवसांत मल्टिप्लेक्सचालकांशी चर्चा होऊन ही वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी करण्यात आली.

इथेच मेख आहे. दुपारी १२ ते रात्री ९ या पट्ट्यात मंगळवारचा सव्वाबाराचा शोही बसतो. नियम पाळला जातो आणि नोकरदार प्रेक्षकाला चित्रपट पाहताही येत नाही. शिवाय एकाच वेळी तीन मराठी चित्रपट असतील तर त्या एका जागेसाठी त्यांच्यातच भांडण.

पहिले तीन दिवस इतके महत्त्वाचे का?

थिएटरचा मालक शनिवार-रविवारचे भरलेले शो पाहून पुढचे ठरवतो. आमचा प्रेक्षक उशिरा येतो, चार जणांकडून ऐकून मग येतो, असे मराठी निर्माते नेहमी सांगतात आणि ते खरे आहे. पण त्याला यायला वेळ लागतो तोवर शो कमी झालेले असतात. मग ‘चांगला होता म्हणे, पण लगेच गेला’.

याला अपवाद ठरला तो ३० जून २०२३ ला आलेला ‘बाईपण भारी देवा’. दिग्दर्शक केदार शिंदेच, म्हणजे ‘महाराष्ट्र शाहीर’नंतर जेमतेम दोन महिन्यांनी. बायकांचे गट साड्या नेसून, गॉगल लावून, एकेक शो भरत गेले आणि दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्याहून जास्त झाली. असे क्वचित घडते. तिथेही पहिल्या रविवारी थिएटरे भरलेली होती म्हणूनच दुसरा आठवडा मिळाला, हे विसरता येत नाही.

पैशांच्या वाटणीतही पहिला आठवडा जड असतो. २००९ मध्ये हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने चाललेल्या संघर्षानंतर जे सूत्र ठरले त्यात कर वजा जाता उत्पन्नातला निर्माता-वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५०, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरता ठेवला गेला. अशा रचनेत चौथ्या आठवड्यातल्या तिकिटापेक्षा पहिल्या आठवड्यातल्या तिकिटातून निर्मात्याला बरेच जास्त मिळते.

वाट पाहणाऱ्याने काय पाहावे?

तारखेपेक्षा दोन गोष्टी जास्त बोलक्या असतात : प्रमाणपत्र मिळाल्याची बातमी आणि आगाऊ बुकिंग सुरू होणे. प्रमाणपत्र नाही आणि तारीख दहा दिवसांवर आली असेल, तर ती पुढे जाऊ शकते असे धरून चालावे. बुकिंग सुरू झाल्यावर पहिल्या शनिवार-रविवारचे तिकीट काढणे सोयीचे, कारण पुढच्या आठवड्यातल्या शोची हमी कोणी देत नाही. तालुक्याच्या गावी एक पडद्याच्या थिएटरात चौकशी केलेली बरी. तिथले वेळापत्रक ॲपवर असतेच असे नाही.

ओटीटीची वाट पाहणाऱ्यांसाठी : थिएटर ते ओटीटी हे अंतर मोठ्या हिंदी चित्रपटांसाठी साधारण आठ आठवड्यांचे धरले जाते. मराठीत ते प्रत्येक करारानुसार बदलते आणि काही चित्रपटांना ओटीटीचा करार मिळतच नाही. परदेशातल्या मराठी माणसांना बहुधा शनिवार-रविवारचे मोजके खेळ मिळतात. अनेक ठिकाणी महाराष्ट्र मंडळे पुढाकार घेऊन ते भरवतात.

महोत्सवांतून गाजलेल्या चित्रपटांची चाल वेगळी. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार घेऊन आला आणि भारतात १७ एप्रिल २०१५ ला लागला. त्यांचाच ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा मान मिळवून पुढच्या वर्षी थेट नेटफ्लिक्सवर आला. अशा चित्रपटांची बातमी वाचल्यापासून तो पाहायला मिळेपर्यंत सहा-आठ महिने सहज जातात.

आणि काही चित्रपट पूर्ण होऊनही वितरक न मिळाल्याने पडून राहतात. त्यांच्यासाठी २०२३ च्या दुरुस्तीत एक छोटी सोय आहे. कायद्यात प्रमाणपत्राला असलेली दहा वर्षांची मुदत काढून टाकण्यात आली, त्यामुळे एकदा मिळालेले प्रमाणपत्र आता कायमचे चालते.