पागेचा मुलूख

पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारा प्रवासी उंब्रजला फार तर चहापुरता उतरतो आणि तारळी जेथे कृष्णेला मिळते त्या संगमाकडे न पाहताच कऱ्हाडची वाट धरतो, याचा मला मनापासून खेद होतो. शर्यतींचे घोडे पाहण्यासाठी आपली माणसे शनिवार-रविवारी हौसेने पुण्यामुंबईस जातात. परंतु इंग्रजी अमदानीत 1830 साली पुण्याच्या लष्करात आणि 1883 साली मुंबईस महालक्ष्मीला शर्यतींची मैदाने झाली, त्याच्या कितीतरी आधी ज्या अश्वदळाने दिल्लीच्या पातशाहीस जेरीस आणले, त्याचा एक सरनौबत, म्हणजे सेनापती, याच पंचक्रोशीतला होता.

उंब्रज आणि कऱ्हाड यांच्या दरम्यान, वसंतगडाच्या पायथ्याशी तळबीड आहे. तेथील हंसाजी मोहिते यांस, 1674 साली नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर धारातीर्थी पडल्यावर, शिवछत्रपतींनी हंबीरराव हा किताब व सरनौबतीची वस्त्रे दिली. पुढे 1687 साली वाईनजीक मोगलांशी लढताना ते कामास आले.

या फौजेचा खरा पराक्रम मात्र मला रणांगणाइतकाच तिच्या दप्तरात दिसतो. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि ज्यास सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढती रचना सभासदाने आपल्या बखरीत नोंदवून ठेवली आहे. प्रत्येक पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी व एक नालबंद असे, आणि माझ्या मते साऱ्या मुलुखगिरीचा भार या दोघांवरच होता. कारण खूर तासून, बेताचा नाल बसवून, खिळ्याचे टोक जिवंत भागास न लागता खुराच्या बाहेर निघेल अशा अंदाजाने ठोकणाऱ्या त्या कारागिराचा हात किंचित चुकला, तर उमदे जनावर दोन मजलांतच लंगडे होई. पावसाळ्यात छावणी, दसऱ्यानंतर कूच. निघताना प्रत्येकाच्या चीजवस्तूंची याद लिहिली जाई आणि परतल्यावर तिच्याबरहुकूम झडती होई. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांस महाराजांनी लिहिलेल्या पत्रात तर दाणावैरण बेताने वापरण्याची ताकीद आहे, आणि रात्री दिवा जळत ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल व गवताच्या गंजीस आग लागेल, येथपर्यंतचा विचार आहे.

1699 साली औरंगजेबाने वसंतगड घेऊन त्यास ‘किलीद-इ-फुतूह’, म्हणजे विजयांची किल्ली, असे नाव दिले. परंतु पुढच्याच वर्षी राजाराम महाराज निवर्तल्यावर राज्याची धुरा ज्या ताराबाईंनी खांद्यावर घेतली, त्या हंबीररावांच्याच कन्या. आणि 1707 साली बादशहाने दक्षिणेतच देह ठेवला तोवर त्यांच्या स्वारांनी त्यास उसंत दिली नाही. आजही गडावर चढून गेल्यास चंद्रसेनाचे मंदिर आणि दोन तळी दिसतात, आणि एका बाजूस कृष्णेचे तर दुसऱ्या बाजूस कोयनेचे खोरे उलगडत जाते. ही जागा हाती असणे फौजेस किती मोलाचे होते, ते तेथे उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

ज्यांस देवदर्शनाची ओढ आहे त्यांस उंब्रजमध्येच समर्थस्थापित अकरा मारुतींपैकी एक भेटेल, पश्चिमेस चाफळचे 1648 सालचे राममंदिर लागेल, आणि तारळीकाठी पालीस पौषातल्या खंडोबा-म्हाळसेच्या विवाहाला गेल्यास अंगावरचा भंडारा घरी पोचेतो उतरणार नाही. हा खंडोबाही घोड्यावर बसणारा देव आहे, हे स्वारांच्या या मुलुखास साजेसेच म्हटले पाहिजे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या सुटीत एक मुक्काम उंब्रजला करा, तळबिडास हंबीररावांच्या स्मारकापुढे मस्तक नमवा, आणि ऊन चढण्याच्या आत वसंतगडाची वाट धरा.