भूमिकेतील सत्य

बव्हेरियातील ओबरआमरगाऊच्या ग्रामस्थांनी १६३३ साली प्लेगच्या साथीत प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य करण्याचा नवस केला व १६३४ साली तो प्रथम फेडला. साधारणतः दर दहा वर्षांनी होणाऱ्या या नाट्यात भूमिका गावकरीच करतात. रोमन सैनिक वगळता सारे नट आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारपासून केस-दाढी वाढवितात. टोप चालत नाही.

परंतु दाढी खरी असली म्हणून पात्र खरे होते काय? दीर्घकाळ त्या रंगमंचावर यहुदी केवळ प्रभूचे वैरी म्हणून उभे राहिले. १९३४ साली हिटलरने तो प्रयोग पाहिला व १९४२ साली यहुद्यांविरुद्ध त्याची वाखाणणी केली. प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहुद्यांवर लादता येत नाही, असे १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिकविले. १९९० पासूनचे दिग्दर्शक ख्रिस्तियान श्ट्यूकल यांनी संहिता सुधारली, प्रमुख नटांना पूर्वतयारीसाठी पवित्र भूमीत नेले. शेवटच्या भोजनप्रसंगी येशू हिब्रूतून प्रार्थना म्हणू लागला.

पात्राशी एकरूप होण्यापूर्वी त्याचे घर, भाषा व श्रद्धा जाणावी लागते. धर्मग्रामात दुःखसहनाचे नाट्य बसविताना आम्ही तरुणांना दाढ्या चिकटवितो. कैफाला कसली भीती वाटत होती, हेही त्यांच्याशी बोलावयास हवे.