संगीत-नृत्यशिक्षण, प्राथमिक शाळेतील (दक्षिण गुजरात व लगतचा महाराष्ट्र)

प्राथमिक शाळेतील मुलांना स्वर, ताल, गाणी व नृत्य एकत्र शिकवण्याची पद्धत. या वयात ताल आधी अंगात भिनतो, त्याचे शास्त्र मागाहून उमगते. म्हणून आधी गाणे आणि नाच, मग मात्रांची नावे, शेवटी स्वरलिपी हाच क्रम योग्य होय.

यंत्रमाग आणि हिरे व्यवसायांमुळे सुरतेत खानदेशापासून ओडिशापर्यंतची कुटुंबे आली. महापालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू माध्यमांच्याही शाळा चालवते. घरची भाषा वेगवेगळी असलेल्या अशा मुलांना ताल लवकर एकत्र आणतो. गरब्यातला हींच ताल 6 मात्रांचा, दादराही 6 मात्रांचाच. ‘धा धिं ना, धा तिं ना’ म्हणत पहिल्या मात्रेवर टाळी द्यायची, चौथीला हात बाजूला नेऊन काल (खाली) दाखवायचा. नवरात्रात टाळ्या देत गोल फिरलेल्या मुलाला हे फारसे समजावून सांगावे लागत नाही.

संगीत शाळेत बसवून शिकवण्याची सुरुवात गुजरातेत जुनी आहे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी 1886 मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली आणि स्वरलिपीसह पाठ्यपुस्तके लिहिली. पहिली अखिल भारतीय संगीत परिषदही बडोद्यातच 1916 मध्ये, वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने भरली.

मुलांच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रयोग मात्र लगतच्या महाराष्ट्रात, डहाणू तालुक्यात झाला. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. बडबडगीते, अभिनयगीते आणि नाच यांना तेथे शिक्षणातच स्थान होते, करमणूक म्हणून त्यांना बाजूला ठेवले नव्हते. ज्या वारली मुलांसाठी हे काम चालले, त्यांच्या घरी तारपा होता. वाळवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या आणि मेण यांचे हे वाद्य. वादक मध्यभागी फिरतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्यामागे जातात आणि सूर पालटला की पावले पालटतात. ऐकणे आणि हालणे यांची इतकी घट्ट सांगड क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. शिक्षकाने असे स्थानिक नृत्य शिकवायला गावातल्या जाणत्या वादकालाच बोलवावे.

स्वरलिपीची ओळख तिसरी-चौथीत, मुलांना आधीच येत असलेल्या गाण्यावरून करून द्यावी. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली आणि तार सप्तकाला वर टिंब असते. रागांची थाटवारी मात्र प्राथमिक शाळेत आणू नये. ज्या मुलाला पुढे शिकायचे असेल त्याला अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची (स्थापना 1931) ‘प्रारंभिक’ परीक्षा देता येते.